द्वारकाबाईंचा व्याही

आमच्या गावात द्वारकाबाई गडद्यांना सगळे जरा टरकूनच असतात. उंचीनं लहान, पण तोंड असं, की शेजारचा शेतकरी बांधाला हात लावण्याआधी द्वारकाबाई रानात आहेत का ते बघून घेतो. सेनगावहून येणारी जीप जिथं थांबते तिथं पहिलं घर त्यांचं. जीपमधून कोण उतरलं, कुणाच्या पिशवीत काय आहे, कोण कुणाकडं मुक्कामाला चाललंय, याची चौकशी त्यांच्या ओट्यावर पुरी झाल्याशिवाय पाहुणा गावात शिरत नाही. नवरा संतराम देवमाणूस आहे, म्हणजे बोलत नाही. थोडी कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर, दोन म्हशी, एकुलता एक मुलगा हरीश, सून शिवकन्या आणि रुद्र-आरोही ही दोन नातवंडं, एवढा त्यांचा संसार.

अशा या द्वारकाबाई गेल्या फाल्गुनात एकाएकी मऊ पडल्या. सकाळचा चहा स्वतः करून सुनेच्या हातात देऊ लागल्या. "बस गं पोरी, मी घासते भांडी," असं त्या म्हणाल्याचं शेजारच्या जनकाबाईनं स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि दुपारपर्यंत गावभर केलं. कुणी म्हणालं, म्हातारीला बरं नाही. कुणी म्हणालं, सुनेनं काहीतरी चारलं. बरं नव्हतंच, पण ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. केलेलं पाप त्यांना आठवत होतं, आणि ते आठवायला निमित्त सरकारी झालं होतं.

गोष्ट हरीशच्या लग्नापासूनची आहे. हरीश तेव्हा गोव्यात एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला होता. तिथंच दिलमाया होती, नेपाळच्या डोंगरातल्या एका खेड्यातली, भावाबरोबर कामाला आलेली. दोघांचं जमलं. हरीशनं फोन करून सांगितलं त्या दिवशी द्वारकाबाईंनी चूल पेटवली नाही. जातीचं, पातीचं दुःख मागून आलं. पहिली भीती वेगळीच होती. हल्ली शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही हे काही लपून राहिलेलं नाही. आमच्या आसपासच्या काही घरांनी दलालाला पैसे मोजून दुरून बायका आणल्या आहेत. गाव त्यांना 'इकत आणलेली' म्हणतं. तोंडावर नाही म्हणत, पाठीमागं म्हणतं, पण जन्मभर म्हणतं. आणि म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं कोण असायचं, तर द्वारकाबाई. आता तोच शब्द आपल्या उंबऱ्यावर येणार म्हटल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग त्यांनी डोकं चालवलं. धाकटा भाऊ पुंजाजी पोले मेंढरंवाला. पावसाळा सोडला तर वर्षभर मेंढरांमागं रानोमाळ. त्याला राम नावाचा एकच मुलगा, लेक नाही. आमच्याकडं भाच्याला मामाची पोरगी, हा पहिला मान. म्हणून तर सुना सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा, मग तसं नातं असो की नसो. पुंजाजीला लेक व्हावी आणि ती आपल्या हरीशला करावी, ही द्वारकाबाईंची जुनी इच्छा. ती देवानं पुरी केली नाही, तर त्या स्वतःच करायला निघाल्या.

"पोरीला मायबाप न्हाईत असं सांगू," त्या भावाला म्हणाल्या. "तू बाप म्हणून उभा ऱ्हा. माहेर तुझं. मामाची पोरगी केली म्हणल्यावर कोण म्हणतो इकत आणली म्हणून?"

पुंजाजी भोळा आणि लेकीसाठी भुकेलेला. "लेक आयती दारात येऊन राहिली आक्का, मी काहून न्हाई म्हणू?" तो म्हणाला. मुलीचे आईबाप खरंच नाहीत, असंच त्याला वाटलं होतं. ते आहेत हे द्वारकाबाईंना हरीशकडून कळलं होतं, पण त्यांनी ते भावाला सांगितलं नाही, आणि हरीशलाही तोंड उघडू दिलं नाही. हरीशला बायको हवी होती, त्यानं उघडलं नाही.

नावही बदललं. "दिल-बिल म्हणून हाक मारू का मी तिला चारचौघांत?" असं म्हणत द्वारकाबाई औंढ्याला नागनाथाच्या पाया पडून आल्या आणि शिवकन्या नाव ठरवून आल्या. त्यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. आमच्याकडं कितीतरी सुनांची नावं लग्नात बदलतात. द्वारकाबाई स्वतः माहेरी गयाबाई होत्या आणि त्यांना ते नाव आता कुणी सांगितलं तरच आठवतं. दिलमायाला तेव्हा मराठीतली चार वाक्यं येत होती. तिला विचारलं का, हे कृपा करून मला विचारू नका.

लग्न लागलं, पुंजाजीनं नवा फेटा बांधून कन्यादान केलं. पुढं नोंदणीच्या वेळी मुलीच्या वडिलांचं नाव विचारलं गेलं. पुंजाजी छाती काढून पुढं आला, "मीच की!" वधूचं लग्नापूर्वीचं नाव लागलं शिवकन्या पुंजाजी पोले. साक्षीदार म्हणून द्वारकाबाईंनी सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या, सहीची हौस दांडगी. आपण खोटं लिहून देतोय असं त्या घटकेला तिथल्या कुणाच्या मनात आलं नाही. ज्यानं कन्यादान केलं तो बाप. सून ज्या बाईला आत्या म्हणते, तिचा भाऊ तो बाप. हिशेब आमच्या रीतीनं बराबर होता. त्या दाखल्यावरून आधार निघालं, रेशनमध्ये नाव चढलं, आणि शिवकन्या हरीश गडदे ही बाई जणू इथंच कुठं सेनगाव तालुक्यात जन्मली होती.

गावाला दिसत नव्हतं असं नाही. चेहरा दिसतो. पण सून कामाची निघाली. वर्षभरात ती आमच्यासारखी बोलायला लागली, खुरपायला बसली की बायकांच्या पुढं पात काढायला लागली. पंचमीला पुंजाजी मुऱ्हाळी म्हणून न्यायला यायचा. रुद्रच्या वेळचं बाळंतपण त्याच्या घरी झालं, शेळीचं दूध, डिंकाचे लाडू, सगळं झालं. खऱ्या बापानं केलं नसतं इतकं त्यानं केलं, असं लोक म्हणायचे. खरा बाप काय करू शकला असता, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. थोडंफार ठाऊक होतं ते द्वारकाबाईंना.

लग्न तीन-चार दिवसांवर आलं असताना हरीश मांडवाचं सामान आणायला गेला आणि फोन घरी विसरला. फोन वाजला म्हणून द्वारकाबाईंनी उचलला. पलीकडून एक माणूस हिंदीत बोलत होता, एकेक शब्द जपून.

"समधनजी, नमस्ते. मैं दिलमाया का बाप. गोरखपुर तक आ गया हूँ. आगे कौन से स्टेशन पर उतरना है?"

द्वारकाबाईंच्या हातात हळदीचं ताट होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. गावात सांगून झालं होतं की पोरीला कुणी नाही. पत्रिकेत पुंजाजीचं नाव छापून आलं होतं. आणि लेकीनं तारीख कळवलेला हा माणूस गोरखपूरला उभा राहून स्टेशन विचारत होता.

"शादी तो हो गया," त्या म्हणाल्या. "कल ही हो गया. अब मत आव."

पलीकडं स्टेशनचा गलका ऐकू येत होता.

"अच्छा," तो म्हणाला. "बच्ची ठीक है?"

"ठीक है," म्हणून त्यांनी फोन बंद केला. हरीश आल्यावर त्याला काही सांगितलं नाही. हळद कालवायची राहिली होती, ती कालवली.

पाप केलं की लगेच काही होत नाही, हीच त्यातली मोठी अडचण आहे. लग्न थाटात झालं. नातू झाला, नात झाली. गोरखपूर हा शब्द अधूनमधून आठवणीत टोचायचा, मग द्वारकाबाई कुणाशीतरी भांडण काढायच्या आणि तो विसरायच्या.

असंच एक भांडण गेल्या हिवाळ्यात बांधावरून झालं. समोरचा तोंडानं हरला, म्हणून त्यानं कागदानं उत्तर दिलं. हरीश गडदेची बायको नेपाळची आहे आणि खोट्या बापाच्या नावावर इथली झाली आहे, असा तक्रारअर्ज गेला. खुलासा करा म्हणून नोटीस आली. हरीश आईला आणि बायकोला घेऊन सेनगावच्या एका वकिलाकडं गेला.

वकील शांत माणूस. त्यांनी आधी घाबरू नका म्हणून सांगितलं. "नेपाळच्या माणसाला इथं राहायला, काम करायला बंदी नाही. ही तशीच राहिली असती तर कुणी काही विचारलं नसतं. पण तुम्ही तिला कागदावर इथं जन्माला घातलीत, तिथं घोटाळा झाला. आता सरळ रस्ता एकच. भारतीय माणसाची बायको म्हणून तिनं नागरिकत्वासाठी अर्ज करायचा. इतकी वर्षं इथं राहिली आहे, अर्ज करता येतो."

"मग करा की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"कसा करू? अर्ज करणार दिलमाया. तिच्या नेपाळच्या कागदावर तेच नाव आहे आणि खऱ्या बापाचं नाव आहे. आणि हरीशचं लग्न लागलंय शिवकन्या पुंजाजी पोले हिच्याशी. अशी बाई जगात नाही. मग ही दिलमाया हरीशची कोण लागते? कागदावर कुणीच लागत नाही. उद्या कुणी विचारलं, ही कोणाच्या हक्कानं इथली होणार, तर दाखवायला काय आहे?"

सून खाली मान घालून ऐकत होती. कुणीच लागत नाही म्हटल्यावर तिनं मान वर केली आणि हरीशकडं पाहिलं. हरीश वकिलाच्या टेबलाकडं बघत बसला.

लग्नाची नोंद दुरुस्त करावी लागेल, वकील म्हणाले. ज्यांनी तेव्हा माहिती दिली त्यांनीच शपथेवर सांगायचं की आम्ही जाणूनबुजून खोटं नाव दिलं, आणि खरं नाव अमुक. "काय नाव मुलीच्या वडिलांचं?" त्यांनी द्वारकाबाईंना विचारलं, कारण तोवर सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच देत होत्या. नातू पाचवीला गेला होता आणि व्याह्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

"जितबहादूर थापा," सून म्हणाली.

बाहेर पायरीवर एक एजंट भेटला. असे लोक असतातच. कशाला नेपाळ उकरता, तो म्हणाला. मामाकडून लिहून घ्या, शाळेचा नाहीतर जन्माचा जुना दाखला मी बसवून देतो, पुंजाजीची लेक पुंजाजीचीच राहील, तक्रार करणारा तोंडावर पडेल. द्वारकाबाईंना हे फार पटलं. खोटं निस्तरायचं तर आणखी खोटं लागतं, हे त्यांना स्वयंपाकात मीठ जास्त झाल्यावर पाणी घालावं इतकं सोपं वाटलं. घरी आल्या आल्या त्यांनी सुनेला सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती.

"न्हाई आत्या," ती म्हणाली.

द्वारकाबाईंना त्यांच्या घरात 'न्हाई' ऐकायची सवय नव्हती. "काहून न्हाई?"

"एकदा माझ्या बापाला पुसून टाकलं आपण. मी बी गप बसले, माझी बी चूक हाय. आता पुन्हा शपथ घेऊन पुसू? माझ्या लेकरांनी उद्या मला असं केलं तर?" एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर द्वारकाबाईंना बरं वाटलं असतं, आवाजाला आवाज देता आला असता.

तेव्हापासून त्यांचं अन्न गोड लागेना. तूर झोडपताना हात चालायचा आणि मन गोरखपूरला जायचं. तो माणूस तिथून परत कसा गेला असेल? त्याच्या पिशवीत काय असेल? लेकीचं लग्न म्हणून आलेला बाप रिकाम्या हातानं आला नसणार. आपली आरोही उद्या दूरदेशी गेली आणि संतराम तिच्या लग्नाला निघाला आणि कुणीतरी त्याला अर्ध्या वाटेवरून फिरवला, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या झोडपायचं सोडून खाली बसल्या. चहा करणं, भांडी घासणं, सुनेला आधी जेवायला वाढणं, हे सगळं त्याच दिवसांतलं. सून वाढलेलं खायची आणि उठून कामाला लागायची. हे असं फिटणार नाही, हे द्वारकाबाईंना कळत होतं. दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

शेवटी त्या भावाकडं गेल्या. पुंजाजीची मेंढरं कुणाच्यातरी कापलेल्या हरभऱ्याच्या रानात बसली होती. द्वारकाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. मुलीला बाप होता हे, आणि फोनचंही. पुंजाजी काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "मला वाटलं पोरीला कुणी न्हाई म्हणून मी उभा राहिलो. बाप वाटंत हाय म्हणून सांगितलं असतंस तर मी उभा राहिलो नसतो. त्याला आणायला ठेसनावर गेलो असतो."



तिथून परतताना त्यांनी ठरवलं. कागदावर खरं सांगायचं, होईल ती शिक्षा होऊ दे. आणि त्या माणसाला बोलवायचं. सेनगावच्या बाजारातून त्यांनी व्याह्यासाठी धोतरजोडी आणि विहिणीसाठी लुगडं आणून पेटीत ठेवलं. तिकडं लुगडं नेसतात का, हेही त्यांना माहीत नव्हतं. सुनेला विचारायची हिंमत झाली नाही. एकदम बोलावून तिला चकित करू, असा त्यांचा बेत होता. माणसाला एकदा चांगलं व्हायचं सुचलं की त्याला वाटतं, आपल्यासाठी जग थांबून राहिलंय.

होळीनंतर जबाबाची तारीख लागली. हरीश, सून, पुंजाजी आणि द्वारकाबाई सकाळच्या जीपनं सेनगावच्या कचेरीत गेले. समोर एक मॅडम होत्या, चष्मा लावलेल्या, घाई नसलेल्या. त्यांनी आधी पुंजाजीला विचारलं, "या तुमच्या कोण?"

"लेक, मॅडम."

"जन्मानं?"

पुंजाजीनं टोपी काढून हातात घेतली. "जन्म तेवढा माझ्या घरचा न्हाई. बाकी लेक माझीच हाय."

"असं लिहिता येत नाही हो बाबा."

"मग लिवा न्हाई म्हणून," तो म्हणाला, आणि टोपीनंच डोळे पुसले.

मग द्वारकाबाईंची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या. मॅडमनी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"माहिती मी दिली व्हती. खोटी दिली," त्या म्हणाल्या. "सुनेला मायबाप हायत, मला ठाऊक व्हतं. गाव इकत आणली म्हणीन म्हणून मी भ्याले. हिचा बाप लग्नाला येऊन राहिला व्हता. गोरखपूरपर्यंत आला व्हता. मी फोनवर सांगितलं, लग्न झालं, येऊ नको. तवा लग्न झालंच नव्हतं. ह्यात माझ्या भावाचा दोष न्हाई, पोराचा न्हाई आन् हिचा तर न्हाईच. काय करायचं ते मला करा."

हरीश आईकडं बघत राहिला. फोनचं त्याला आज कळत होतं. सून समोरच्या भिंतीकडं बघत होती.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. फोनचा त्यांना उपयोग नव्हता, नावाचा होता. जबाब झाला, नोंद दुरुस्तीला पाठवते, त्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज पुढं जाईल, वेळ लागेल, पण आता धागा सरळ लागला, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "वडील हयात आहेत ना? त्यांच्याकडून एक नात्याचं पत्र मागवून घ्या."

"हायत मॅडम, हायत!" द्वारकाबाई घाईघाईनं म्हणाल्या. छातीवरचं ओझं उतरल्यामुळं त्यांच्या आवाजात जुना जोर आला होता. "पत्र काहून, मी त्यांनाच बोलावणार हाय. यंदा दिवाळीला. मी सोता फोन करणार हाय."

"आत्या," सून म्हणाली. "ते न्हाईत. पोळ्याला गेले."

"कोणत्या पोळ्याला?"

"मागच्याच."

मॅडम म्हणाल्या, मग भावाचं पत्र चालेल, सोबत मृत्यूचा दाखला जोडा. हरीशनं मान हलवली. त्याला हेही माहीत नव्हतं. द्वारकाबाई आता खुर्चीवर बसल्या, कुणी बसा न म्हणता.

परतीच्या जीपमध्ये मागच्या बाकावर सासू-सून शेजारी बसल्या. पुढं हरीश आणि पुंजाजी. द्वारकाबाईंना मागचा पोळा आठवत होता, नको तितका स्पष्ट. सकाळी सुनेला फोन आला होता आणि ती गोठ्यामागं जाऊन बोलून आली होती. मग दुपारी, पुरण शिजत असताना, ती न्हाणीत जाऊन पुन्हा डोक्यावरून आंघोळ करून आली. पाणी काय फुकट येतं का, असं द्वारकाबाई बाहेरच्या पाहुण्यांसमोर ओरडल्या होत्या. ओल्या केसांनी सुनेनं पोळ्या लाटल्या, बैलांना नैवेद्य दिला, सगळ्यांना वाढलं. पुरण पातळ झालं म्हणूनही त्या बोलल्या होत्या.

"सांगितलं काहून न्हाई गं?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू आत्या? या घरात त्यांना मरून लई वर्षं झाली व्हती."

ती टोचून बोलली नव्हती. जे होतं ते सांगत होती. द्वारकाबाईंना तिचा हात धरावासा वाटला, पण आपला हात उचलेना.

"फोनचं ठाऊक व्हतं तुला?"

"व्हय. लग्नानंतर बोलणं झालं तवा माझ्या बांनी सांगितलं. म्हणले, तारीख ऐकण्यात माझीच चूक झाली असन, तुझी सासू म्हणली लग्न होऊन गेलं."

"मग तू काय म्हणलीस?"

"मी म्हणलं, व्हय बा, तुमालाच उशीर झाला." ती खिडकीबाहेर बघत होती. "खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला इथं राहू दिलं नसतं. आन् मला ऱ्हायचं व्हतं. मरेपर्यंत ते हेच म्हणून राहिले, माझ्या पोरीच्या लग्नाला मला उशीर झाला."

जीप थांबली तेव्हा उन्हं अजून होती. ओट्यावर जनकाबाई तूर पाखडत बसली होती, शेजारी आणखी दोघीतिघी. संतराम दारात उभे होते. रुद्र आणि आरोही आईकडं धावले. सून उंबरा ओलांडायला निघाली, तोच द्वारकाबाई म्हणाल्या, "थांब. घरात जाऊ नको. लेकरांना शिवू नको."

मरणाची वार्ता घेऊन आलेलं माणूस आमच्याकडं अंगावरून पाणी घेतल्याशिवाय घरात जात नाही. द्वारकाबाईंनी हौदातून बादली भरून आणली, सुनेला अंगणातल्या दगडावर बसवलं आणि तांब्या भरून तिच्या डोक्यावर ओतला. उघड्यावर, साडीसकट, गल्लीच्या देखत. दुसरा तांब्या ओतला तेव्हा ती मोठ्यानं रडली. "बा" म्हणून रडली. इतक्या वर्षांत तिचं रडणं आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. पुंजाजी जीपजवळच उभा राहिला, पुढं आला नाही.

जनकाबाई सूप टाकून धावत आली. "अगं काहून? कोण गेलं?"

"हिचा बाप," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हिला कुठं बाप व्हता?"

द्वारकाबाईंनी तांब्या पुन्हा भरला. जनकाबाईला ऐकू जाईल, ओट्यावरच्या बायकांना ऐकू जाईल, अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "व्हता. लेकीच्या लग्नाला येऊन राहिला व्हता. मी खोटं बोलून त्याला परत लावला."